तलावाकडची खोली

आमच्या गावात माणसं आजारीसुद्धा ऑफ-सीझनला पडतात. लग्नं, दाढा काढणं, भाऊबंदांची भांडणं, सगळं पाहुणे परतल्यावर. सीझनमध्ये मरायलासुद्धा फुरसत नसते, असं आमचे आबा म्हणायचे. आबा म्हणजे माझे सासरे. आणि त्यांनीच ऐन सीझनच्या तोंडावर अंथरूण धरलं.

गाव म्हणावं तर एक तलाव, त्याला वळसा घालणारा एक रस्ता, आणि त्या रस्त्याला फुटलेले पॉइंट. सूर्य सगळीकडेच मावळतो, पण आमच्याकडे तो बघायला तिकीट आहे. जुळे धबधबे आहेत, त्यातला एक उन्हाळ्यात आटतो, तरी नाव जुळेच. एक गुहा आहे, तिच्यात कोणीतरी राजा लपून बसला होता म्हणतात. कोणता राजा, ते गाइडवर अवलंबून. तलावापलीकडे एक कडा आहे, त्याला बदक म्हणतात. मला या घरात येऊन इतकी वर्षं झाली, बदक अजून दिसलेलं नाही. बाजारात ‘स्थानिक हस्तकला’ अशी पाटी लावलेली दुकानं आहेत आणि ती कला बाहेरून ट्रकनं येते. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही खोटं नाही, आणि त्या एका म्हणीवर आमचं सगळं गाव जेवतं.

आमचं घर तलावाकडे तोंड करून आहे, त्यामुळे सीझनमध्ये ते आमचं नसतं. पहिलं बुकिंग आलं की आम्ही घर खाली करतो. इथल्या सगळ्यांचीच ही रीत, पण आबांचे नियम जरा जास्त कडक. पुढच्या खोल्यांमधली कपाटं रिकामी करायची, भिंतींवरचे घरचे फोटो उतरवायचे, औषधांच्या बाटल्या, कंगवे, जपून ठेवलेल्या पिशव्या, सगळं मागे न्यायचं. घरातल्या माणसाचा एक केससुद्धा पाहुण्याला दिसता कामा नये. आपण दुसऱ्याच्या घरात शिरलोय असं वाटलं की माणूस अवघडतो आणि अवघडलेला माणूस पुन्हा येत नाही, असं आबांचं शास्त्र. मग आम्ही सगळे स्वयंपाकघरामागच्या कोठीत. तिथे गाद्यांची चळत, चादरींचे गठ्ठे, ट्रंका, पाणी तापवायचा बॉयलर, आणि उरलेल्या जागेत आम्ही. खिडकी उघडली की शेजाऱ्यांची भिंत दिसते.

माझं लग्न ऑफ-सीझनला झालं, हे वेगळं सांगायला नको. नवऱ्यानं मला तलावाकडची एक नंबरची खोली दाखवली आणि मी भाळले. नवऱ्यावर नाही, खोलीवर. सकाळी पाण्यावरचं ऊन छतावर हलायचं आणि मला वाटायचं, देवानं भरभरून दिलं. सीझन उजाडला तशा सासूबाई म्हणाल्या, “चल, आता आपलं मागे.” तेव्हापासून माझा कोठीवर राग आहे. सासूबाई गेल्या, माझी मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, राग मात्र जागच्या जागी राहिला.

तर आबांचं हृदय दमलंय, असं डॉक्टर म्हणाले. औषधं चालू ठेवायची, चढउतार करू द्यायचा नाही, दगदग होऊ द्यायची नाही. “फार दिवसांचं मी काही बोलत नाही,” ते म्हणाले. “मन शांत राहील एवढं बघा.” आबा दवाखान्यातल्या खाटेवर डोळे मिटून पडले होते आणि मधेच काहीतरी भलतंच बोलत होते. या वयात असं होतं, येतं नि जातं, असंही डॉक्टरांनी सांगितलं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच मी ठरवून टाकलं. घरी आल्या आल्या नवऱ्याला सांगितलं, “आबांना एक नंबरमध्ये ठेवायचं.”

नवरा चादरी मोजत होता. “एक नंबरला पूर्ण सीझन बुकिंग आहे,” तो म्हणाला.

“रद्द करा.”

“ते राहू दे बाजूला. आबांनाच आवडायचं नाही ते.”

“का नाही आवडणार? जन्मभर लोकांना तलाव दाखवला, आता चार दिवस स्वतः बघतील. तुम्हाला बुकिंगची पडलीय, म्हणून आबांच्या तोंडी घालताय.”

तो पुन्हा चादरी मोजायला लागला. हे त्याचं नेहमीचं. भांडणात समोरचा गप्प बसला की मला वाटतं आपण जिंकलो, आणि नंतर ते जिंकणं पायातल्या खड्यासारखं टोचत राहतं. माझी नणंद शहरात असते. तिचा लगेच फोन आला. उंटावरून शेळ्या हाकण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. “वहिनी, माझ्या वडिलांना त्या अडगळीत ठेवू नकोस हं,” ती म्हणाली. “मी रविवारी येतेय, मला ते नीट खोलीत दिसले पाहिजेत.” एरवी मी तिला दोन शब्द सुनावले असते, पण या वेळी ती माझ्याच बाजूनं बोलत होती.

बुकिंग रद्द करायला लावून मी खोली लावली. लावायला बसले की माझे हात आपोआप चालतात. पांढरी चादर ताणून चारी कोपरे दुमडले, पायाशी रंगीत कापडाची पट्टी घातली, दोन टॉवेल घडी करून ठेवले, कागदात गुंडाळलेला छोटा साबण, पाण्याची नवी बाटली, टेबलावर गावाची माहिती छापलेलं कार्ड. भिंतीवर तलावाचं चित्र तेवढं राहिलं. खिडकीतून खरा तलाव दिसत असताना भिंतीवर त्याचंच चित्र कशाला, हे मी कधी विचारलं नव्हतं. आबांसाठी काही कमी पडू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दवाखान्यातून गाडीनं आणलं तेव्हा आबा अर्धवट झोपेत होते. सकाळी मी पडदे सारले. तलाव असा काही चकाकत होता की फोटोवाल्यांनी पाय धरले असते. आबा उठून बसले. डोक्याखालची उशी त्यांनी आधी नीट केली, मग खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“खोलीतच चहा?” ते म्हणाले. “वा. याचे वेगळे पडतात का?”

मी हसले. आबांचा स्वभाव थट्टेखोर, त्यामुळे मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. “तुमच्याकडून नाही घेणार,” मी म्हटलं.

“नाही नाही, हिशेबानं काय होईल ते घ्या. तुम्ही इथल्याच का, बाई?”

मला ते कायम ‘सूनबाई’ म्हणत आले, तू म्हणत आले, आणि चिडले की ‘अगं ए’ म्हणत आले. ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ मी त्यांच्या तोंडून फक्त पाहुण्यांसाठी ऐकलं होतं. “आबा, मी आहे,” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. ओळख न पटताही समोरच्याचं मन राखायचं, ही आम्हा धंदेवाल्यांची सवय त्यांच्यात पुरेपूर होती.

दिवसभरात येईल ध्यानात, असं मी स्वतःला समजावलं. दिवस गेला आणि ध्यानात आलं ते मला. आबा स्वतःला पाहुणा समजत होते. डॉक्टरांनी एका रात्रीपुरतं कुठल्यातरी चांगल्या हॉटेलात उतरवलंय, सकाळी निघायचं, असा त्यांचा हिशेब होता. आणि त्यात चुकीचं तरी काय होतं? पांढरी चादर, गुंडाळलेला साबण, टेबलावर कार्ड. आयुष्यभर त्यांनीच असल्या खोल्या लावल्या होत्या. अशा खोलीत कोण राहतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

त्यानंतर त्यांच्या जिवाला चैन म्हणून पडली नाही, आणि माझ्याही. मी जाईन तेव्हा ते पलंगाच्या काठावर बसलेले असायचे, पायात बूट, मांडीवर पिशवी. टेकून बसत नसत, चादर चुरगळेल म्हणून. साबण फोडला नाही. टॉवेल वापरला नाही, स्वतःच्या रुमालाला तोंड पुसलं. गोळ्या दिल्या की मुकाट्यानं घ्यायचे आणि विचारायचे, “खोली सोडायची वेळ किती वाजताची?”

“आबा, तुम्हाला खोली सोडायची नाहीये. आराम करायचाय.”

“अहो, आराम कसला? घरी सीझन चालू आहे. माझी वाट बघत असतील सगळे.” मग जरा हळू आवाजात, “तुमची खोली चांगली आहे हो. तुम्हाला नावं नाही ठेवत मी.”

मन रमवावं म्हणून मी त्यांना खुर्चीवर खिडकीशी बसवलं आणि गाव दाखवायला लागले. हा सूर्यास्त पॉइंट, ती होड्यांची जागा, ते तिकडे धबधबे, आणि तो कडा बदकासारखा दिसतो. हे मी इतक्यांदा बोलले आहे की झोपेतसुद्धा बोलू शकेन. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बदक असं सांगून दिसत नाही, बाई,” ते म्हणाले. “पाहुण्याला मान डावीकडे करायला सांगायची. तो ‘हो, दिसलं’ म्हणेपर्यंत सरळ करू द्यायची नाही. मान दुखायला लागली की सगळ्यांना दिसतं.” आणि ते मनापासून हसले. पहिल्यांदाच हसले. मग त्यांना काहीतरी आठवलं, हसू मावळलं, आणि हात पुन्हा पिशवीच्या बंदाकडे गेला.

नवऱ्यानं जाऊन बघितलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. आबांनी त्याला मालक समजून दोन सल्ले दिले होते. एक, बाल्कनीचा कठडा सैल झालाय, तो आधी बघा. दुसरा, पाहुण्याच्या खोलीत सारखं डोकावत जाऊ नका. “मला ‘मालक’ म्हणाले,” नवरा म्हणाला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला. कठडा खरंच सैल झाला होता.

मला एक युक्ती सुचली. ट्रंकेतून घरातल्या सगळ्यांचा मोठा फोटो काढला, ज्यात आबा, सासूबाई, आम्ही दोघं, नणंद आणि माझी लेक फाटकासमोर उभे आहोत. तो एक नंबरमध्ये, तलावाच्या चित्राच्या जागी लावला. आबा उठून फोटोजवळ गेले.

“ही तर आमची मंडळी,” ते म्हणाले.

“हो, आबा. आपलीच.”

“ही आमची सौ. गेली ती. हा मुलगा, बोलत नाही फार, पण मनाचा साधा. ही सूनबाई.” त्यांनी काचेवर माझ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. “भारी तापट आहे. बोलायला लागली की समोरच्यानं छत्री उघडावी. पण हात बघा तिचे, एकटी घर ओढते. आता तिच्यावर सगळं टाकून मी इथे हॉटेलात पाय पसरून बसलोय, हे बरं दिसतं का?”

जन्मात त्यांनी माझ्या तोंडावर माझं कौतुक केलं नव्हतं, आणि केलं ते असं, परक्या बाईजवळ.

“आणि बाई, एक सांगू?” ते म्हणाले. “घरचा फोटो पाहुण्यांच्या खोलीत लावू नये. माणूस अवघडतो. उतरवा तो.”

मी फोटो उतरवला आणि जिन्यात बसून रडले. रडताना पदर तोंडात धरला होता, कारण दोन नंबरमध्ये पाहुणे होते.

त्या दिवशी नवरा पहिल्यांदा स्वतःहून बोलला. “मागे आणू या त्यांना,” तो म्हणाला.

“कुठे मागे?”

“कोठीत. आपल्यात.”

मी भडकले. “कोठीत? डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकलंत ना? या माणसानं शेवटचे दिवस गाद्यांच्या चळतीत काढायचे? शेजाऱ्यांची भिंत बघत? रविवारी तुमची बहीण येईल, तिला काय सांगू, सीझन होता म्हणून वडिलांना अडगळीत टाकलं? गावभर तोंड दाखवायला जागा राहील का?”

“मी बुकिंगसाठी नाही म्हणत.”

“मग कशासाठी म्हणताय?”

त्याला सांगता येईना. तो नुसता हातवारे करत राहिला आणि मला ते हातवारे बघून आणखी राग आला. जी खोली मला मिळता मिळता राहिली, ती मी आबांना दिली होती. तिच्यात त्यांना सुख लागत नाही, हे मानायला मी तयारच नव्हते. त्यांचं डोकं ताळ्यावर आलं की कळेल त्यांना, असं म्हणत मी रोज पडदे सारत राहिले.

शनिवारी एकदम तीन खोल्या रिकाम्या व्हायच्या होत्या आणि तितकेच नवे पाहुणे यायचे होते. एक कुटुंब चार्जर विसरून परत आलं, एकांना गरम पाणी मिळालं नव्हतं, एक आजीबाई विचारत होत्या की तलावात मगरी आहेत का, आणि नाहीत म्हटल्यावर हिरमुसल्या. या धबडग्यात मी आबांची दुपारची गोळी घेऊन गेले. एक नंबरचं दार उघडं होतं. पलंगावर चादर अशी ताणलेली की मलाही तशी जमत नाही. टॉवेल घडीवर घडी. टेबलावर किल्ली ठेवली होती, शहाण्या पाहुण्यासारखी. आबा नव्हते, पिशवी नव्हती.

चढउतार करू द्यायचा नाही, असं बजावलं होतं, आणि आमच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत निम्मा डोंगर उतरायचा असतो. नवरा बस स्टँडकडे धावला. जाताना ओरडला, “तू तलावाकडची बाजू बघ.” मी पाहुण्यांना तसंच दारात उभं सोडलं. आमच्या घराण्यात आजवर कोणी असं केलं नसेल.

ओळखीचा एक जीपवाला मिळाला. त्यानं काही न विचारता सवारी उतरवली आणि मला घेतलं. धक्क्यावर गेलो. लाइफ जॅकेट घालून माणसं रांगेत उभी होती, कोणी आबांसारखा दिसला की मी धावत होते आणि तो कोणीतरी भलताच निघत होता. आबांच्या वयाची इतकी माणसं गावात फिरायला येतात, हे मला आजच कळत होतं. धबधब्याकडे गाड्यांची रांग अडकली होती. गुहेपाशी गाइड नवाच राजा सांगत होता. टोप्या विकणारी माझी मैत्रीण आहे, ती म्हणाली, “तुझे सासरे? इकडे नाही आले गं. आले असते तर माझ्या टोप्या आधी सरळ लावल्या असत्या त्यांनी.” तिनं सहज म्हटलं, पण मला हुंदका आला. ती टोप्या तशाच टाकून माझ्याबरोबर खालच्या वाटेपर्यंत बघून आली.

शेवटी आमच्या घरामागच्या चढावर, बदक जिथून दाखवतात त्या बदक पॉइंटला. जीपवाला म्हणाला, एवढ्या वर ते चालत येणं शक्य नाही, पण माझ्या पायाला भिंगरी लागली होती. कठड्याशी ही गर्दी. मी लोकांना ढकलत पुढे जाऊन प्रत्येकाचं तोंड बघत होते. एका जोडप्यानं माझ्या हातात मोबाइल दिला. “ताई, एक फोटो काढता का?” आणि माझं डोकं ठिकाणावर नसताना मी चक्क तो घेतला. “जरा डावीकडे सरका,” मी म्हणाले. “मागचं बदक येत नाहीये.” फोटो काढला, मोबाइल परत दिला, ती दोघं ‘थँक्यू’ म्हणाली. मग मी काय केलं ते माझ्या लक्षात आलं. सासरा मरणाच्या वाटेवर कुठे भटकतोय आणि मी बदक दाखवतेय. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मी कठड्याला धरून उभी राहिले. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा आले होते इथे, त्यानंतर आजच. पिकतं तिथं विकत नाही, तशी गत. वरून आमचं घर दिसत होतं, पण पाठीमागून. पुढची रंगवलेली बाजू, बाल्कन्या, काचा, काही नाही. मागचा बोळ, पाण्याची टाकी, दोरीवर वाळणाऱ्या चादरी, कोठीचं पत्र्याचं छप्पर. मी त्या छपराकडे बघत होते आणि कानात आबांचं पालुपद होतं, घरी सीझन चालू आहे, घरी जायचंय.

घरी. सीझनमध्ये आबांचं घर कुठलं? त्यांना समजायला लागल्यापासून एकही सीझन ते पुढे झोपले नव्हते. एक नंबरमध्ये झोपतो तो परका, हे त्यांना अंगठा चोखायच्या वयापासून माहीत होतं. त्यांची आई कोठीत वारली, त्यांची मुलं कोठीत रांगली, सासूबाई त्यांच्याशी जे काही चार शब्द बोलल्या असतील ते बॉयलरच्या आवाजात, त्या गाद्यांवर. मी त्यांना एवढ्या मायेनं उचलून त्यांच्याच घराबाहेर ठेवलं होतं. नवरा हातवाऱ्यांनी हेच सांगत होता. माझा राग माझा होता, त्यांचा नव्हता, आणि मी तो त्यांच्या अंगावर पांघरला होता.

“चला,” मी जीपवाल्याला म्हटलं, “घरी. मागच्या बोळानं.”

बोळाच्या तोंडाशी मी उडी मारली. नवरा मागच्या दाराच्या पायरीवर बसला होता, घामानं निथळत. त्यानं मला बघून तोंडावर बोट ठेवलं. “काखेत कळसा,” तो हळूच म्हणाला. “स्टँडवरून परत आलो तर इथेच. पुढच्या फाटकातून बाहेर पडले आणि भिंत धरत धरत मागे आलेत.”

“डॉक्टर?”

“फोन केलाय. निघालेत.”

दाराशी आबांचे बूट काढून ठेवले होते, भिंतीला लावून, जोडीनं. ते आत गाद्यांच्या चळतीला टेकून बसले होते. नीट टेकून, पाय लांब करून. श्वास लागला होता, ओठ निळसर दिसत होते, आणि मांडीवर उशी घेऊन ते तिला अभ्रा घालत होते. चार ठिकाणी थांबून, पण घालत होते. मी आत गेले तसं त्यांनी वर बघितलं.

“अगं ए सूनबाई, होतीस कुठे?” ते म्हणाले. “ऐन सीझनला गाव भटकायला सुचतं कसं तुला?”

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. त्यांनी उशी माझ्याकडे सरकवली, तिचा शेवटचा कोपरा त्यांच्यानं जात नव्हता. मी तो घातला. बॉयलरमुळे भिंत कोमट लागत होती. आबांनी डोकं मागे टेकवलं आणि डोळे मिटले. त्यांच्या कपाळावरची ती आठी, जी मी गेले कित्येक दिवस औषधांनी, चहानं आणि तलावानं काढायला बघत होते, ती गेली होती.

“दुखतंय का, आबा?”

“छे.” थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. “एक नंबरचा पाहुणा गेला का गं?”

मी नवऱ्याकडे बघितलं. तो दारात उभा होता, आत येत नव्हता.

“कोण पाहुणा, आबा?”

“अगं तो म्हातारा. एकटाच होता बिचारा. सारखा बूट घालून बसायचा. घरी जाऊ द्या म्हणायचा आणि कोणी त्याचं ऐकेना.” त्यांना धाप लागली, ते थांबले. “पोचला असेल ना गं घरी?”

माझा हात त्यांनी कधी धरला नव्हता, तो आता त्यांच्या हातात होता. त्यांचा हात थंड होता, पण पकड चांगली होती.

“पोचले, आबा,” मी म्हटलं. “मघाशीच पोचले.”

“बरं झालं,” आबा म्हणाले. “जा मग, चादर बदलून घे.”

पुढे पाहुणे घंटी वाजवत होते. मी उठले नाही.